गोल्फचं सामान आणि आपली जयणा



गोल्फ म्हटलं की आपल्याला टीव्हीवरचं हिरवंगार मैदान आणि गाडीतून फिरणारे साहेब लोक आठवतात. आपल्या स्वयंपाकघराशी किंवा देरासराशी त्याचा काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्या घरातल्या मुली-सुना आता मोठ्या कंपन्यांत काम करतात. तिथे शनिवार-रविवारी गोल्फ शिकायला बोलावतात. खारघरला सिडकोचं मैदान आहे, चेंबूरला जुना क्लब आहे. सामान तर मोबाइलवर मागवलं की दारात येतं. आमच्या राहनाळ, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात पूर्वी यंत्रमागांची खटखट होती. आता गोदामांची रांग आहे, आणि त्या गोदामांतून जगातली कुठलीही वस्तू निघते.

मग मुली विचारतात, "हातमोजा कातड्याचा, बूट कातड्याचे. आपण खेळायचं की नाही?" नुसतं "नको" म्हणून चालत नाही, कारण "का?" हा पुढचा प्रश्न तयार असतो. म्हणून मी या सामानाचा इतिहास वाचला. तो आपल्या कामाचा निघाला.

पिसांचा चेंडू

गोल्फ हा स्कॉटलंडचा खेळ. 1457 मध्ये तिथल्या संसदेने त्यावर बंदी घातली होती, कारण तरुण मुलं धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फ आणि फुटबॉल खेळत बसायची. पुढे बंदी गेली आणि खेळ राहिला.

त्या जुन्या खेळातला चेंडू कसा होता ते वाचून मला कसंतरीच झालं. बैलाच्या किंवा घोड्याच्या कातड्याची छोटी पिशवी शिवायची. हंसजातीच्या पक्ष्यांची पिसं उकळून ती एका भोकातून ठासून भरायची. एका चेंडूत उंच टोपीभर पिसं जायची असं सांगतात. ओलं कातडं वाळताना आकसायचं, ओली पिसं वाळताना फुगायची, आणि त्या दाबाने चेंडू दगडासारखा कठीण व्हायचा. चांगल्या कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चार चेंडू व्हायचे. त्यामुळे एकेक चेंडू जवळजवळ काठीइतका महाग पडायचा. पावसात भिजला की शिवण उसवायची आणि पैसे पाण्यात.

मुठीत मावणाऱ्या एका चेंडूमागे किती पक्षी आणि किती जनावरं! तेही पोटासाठी नाही, औषधासाठी नाही, तर खेळासाठी. आपल्याकडे अनर्थदंड विरमण व्रत आहे ना, विनाकारण होणारी हिंसा टाळण्याचं? त्याचं याहून सोपं उदाहरण शोधून सापडणार नाही.

हिंसा थांबली, पण दयेमुळे नाही

1848 च्या सुमाराला गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा म्हणजे मलाया भागातल्या एका झाडाचा चीक. गरम पाण्यात तो मऊ होतो आणि थंड झाला की घट्ट. रूट कॅनॉल केलेल्या मैत्रिणींनो, दंतवैद्य दाताच्या मुळात जी गुलाबी काडी भरतात ती याच चिकाची.

या चेंडूची एक दंतकथा आहे. सेंट अँड्र्यूज गावच्या पॅटर्सन कुटुंबाकडे पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली. वाटेत फुटू नये म्हणून ती गटापर्चाच्या तुकड्यांत बांधली होती, आणि त्या तुकड्यांतून घरातल्या रॉबर्टने चेंडू वळला. खरं-खोटं देव जाणे, पण गोल्फचे लोक ही गोष्ट आजही आवडीने सांगतात.

नवा चेंडू स्वस्त होता, भिजत नव्हता, आणि चेपला तर गरम करून पुन्हा गोल करता यायचा. पिसांच्या चेंडूंचा नामांकित कारागीर ॲलन रॉबर्टसन मात्र हादरला. आपला धंदा बुडणार हे त्याला दिसलं. नवे चेंडू विकत घेऊन तो जाळायचा असं सांगतात. त्याच्या हाताखालचा टॉम मॉरिस एकदा नव्या चेंडूने खेळताना दिसला, तेव्हा दोघांचं बिनसलं आणि टॉम वेगळा झाला. हाच टॉम पुढे या खेळातला फार मोठा माणूस झाला. रॉबर्टसननेही काही काळाने नवा चेंडू स्वीकारला. भिवंडीतल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. हातमाग जाऊन यंत्रमाग आले तेव्हा काय झालं ते आपण थोरामोठ्यांकडून ऐकलं आहे, आणि यंत्रमाग बंद पडताना तर डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे मला यातलं गणित दिसलं. पक्षी आणि जनावरं वाचली ती कुणाला दया आली म्हणून नाही. नवा माल स्वस्त आणि टिकाऊ होता म्हणून. जे पैशामुळे थांबतं ते पैशामुळे पुन्हा सुरूही होऊ शकतं. दयेने थांबलेलं मात्र मनात रुजतं.

आणि हिंसा पूर्ण थांबली असंही नाही. गटापर्चाचा चीक काढायला झाडं उभीच्या उभी तोडायचे. समुद्राखालून तारायंत्राच्या तारा टाकायलाही तोच चीक लागायचा, त्यामुळे रानंच्या रानं ओस पडली. वनस्पतिकायातही जीव मानणाऱ्या आपल्याला हेही नोंदवायला हवं.

1898 मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केलने रबराचा ताणलेला दोरा गुंडाळून चेंडू केला. आजचा चेंडू कृत्रिम रबर आणि प्लास्टिकचा असतो. म्हणजे चेंडूची चिंता मिटली. काठीच्या मुठीवर पूर्वी कातड्याची पट्टी गुंडाळत, तिथेही 1950 नंतर रबर आलं. चेंडू ठेवण्याची छोटी खुंटी लाकडाची किंवा प्लास्टिकची. तिचं एक अमेरिकन पेटंट 1899 मध्ये बोस्टनच्या जॉर्ज ग्रँट या कृष्णवर्णीय दंतवैद्याने घेतलं. त्याआधी चिमूटभर ओल्या वाळूची ढेकळी करून तिच्यावर चेंडू ठेवत.

कपडे : आधी रक्षण, मग रुबाब

गोल्फच्या कपड्यांत रुबाब दिसतो, पण मुळात बऱ्याच गोष्टी रक्षणासाठी आल्या. पूर्वी हा खेळ गावाच्या मोकळ्या जागेवर चालायचा. तिथे गुरं चरायची, बायका-मुलं ये-जा करायची. चेंडू लागू नये म्हणून खेळाडू लाल कोट घालायचे. लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर गोल्फ खेळणाऱ्यांना आजही लाल रंगाचं वरचं वस्त्र घालावं लागतं. वस्त्र आपलं, पण रक्षण दुसऱ्याचं. मला हा विचार फार आवडला.

बायकांची गंमत वेगळीच. सेंट अँड्र्यूजला 1867 मध्ये बायकांचा क्लब निघाला, पण अंगात पायघोळ घागरे. वाऱ्याने घागरा उडाला की चेंडू दिसायचा नाही. मग कुणा मिस हिगिन्सच्या नावाने एक इलॅस्टिकचा पट्टा निघाला. चेंडू मारायच्या वेळी तो कमरेवरून गुडघ्यापर्यंत सरकवायचा आणि घागरा आवळून धरायचा. आपल्या आज्या पदर खोचून, कासोटा घालून शेतात काम करायच्या. त्यांना असा पट्टा विकत घ्यावा लागला नाही! 1933 मध्ये ग्लोरिया मिनोप्रिओ ही बाई इंग्लंडच्या स्पर्धेत पँट घालून उतरली तेव्हा केवढा गहजब झाला. आता पूर्ण बाह्यांचा कॉलरचा टीशर्ट आणि सुती पँट घातली की झालं. अंगभर कपडे हा आपला संस्कारही आहे आणि उन्हापासून उत्तम रक्षणही.

आपल्या मुंबईत

कोलकात्याचा गोल्फ क्लब 1829 चा आणि मुंबईचा पहिला 1842 चा. साहेबांच्या बहुतेक क्लबांत भारतीयांना प्रवेश नसायचा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाने मुंबईत क्लब निघाला, तो भारतीय आणि युरोपीय दोघांसाठी खुला होता. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 चा. आपल्या महामार्गाने नाशिकला गेलात तर तिथलं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान लोक अजूनही गोल्फ क्लब मैदान म्हणून ओळखतात. तिथे आता क्रिकेट रंगतं आणि सकाळी लोक फिरायला येतात.

पण मला सगळ्यात भावली ती चेंबूरच्या वस्तीतली गोष्ट. मोठ्या क्लबात दुसऱ्यांच्या काठ्या उचलणारी कॅडी मुलं आपल्या गल्लीत स्वतःचा गोल्फ खेळू लागली. बांधकामाची लोखंडी सळई वाकवून काठी केली, प्लास्टिकचा चेंडू घेतला, आणि घरांच्या मधल्या बोळांत डाव मांडला. या खेळाबद्दल देशोदेशी लिहून आलं आहे. महागडा हातमोजा नाही, कातड्याचे बूट नाहीत, तरी खेळ पुरा.

उरलेलं कातडं : हातमोजा आणि बूट

आज कातडं मुख्यतः दोनच ठिकाणी उरलं आहे.

पहिला हातमोजा. उजव्या हाताने खेळणारी व्यक्ती तो डाव्या हातात घालते, म्हणजे पकड सुटत नाही आणि तळव्याला फोड येत नाहीत. महागडे हातमोजे मेंढीच्या मऊ कातड्याचे असतात. आपल्या तळव्याला फोड येऊ नये म्हणून दुसऱ्याची कातडी! गंमत म्हणजे जुन्या काळी बहुतेक खेळाडू उघड्या हातांनीच खेळायचे. अमेरिकेच्या बेन होगनसारखा दिग्गज हातमोजा वापरत नव्हता, आणि फ्रेड कपल्सही उघड्या हातांनी खेळत आला. म्हणजे कातड्याशिवाय चालतच नाही, हे खरं नाही.

घ्यायचाच असेल तर कृत्रिम घ्यावा. तो कातड्याइतका तलम लागत नाही, पण सहसा स्वस्त असतो, जास्त टिकतो, आणि घामाने-पावसाने लवकर कडक होत नाही. आपल्या दमट हवेत हे महत्त्वाचं. माप घट्ट असावं, तळव्यावर सुरकुती पडू नये. वापरून झाला की सावलीत वाळवावा.

घेताना वेष्टनावरचे शब्द वाचा. "कॅब्रेटा" म्हणजे मेंढीचं कातडं. "जेन्युइन लेदर", "फुल ग्रेन" हेही कातडंच. "मायक्रोफायबर", "पीयू", "सिंथेटिक" म्हणजे कृत्रिम. पण "सिंथेटिक" लिहिलेल्या काही हातमोज्यांत तळव्याला किंवा अंगठ्याला कातड्याचा तुकडा असतो. त्यामुळे पुढचं नाव वाचून थांबू नका, मागची बारीक अक्षरंही वाचा. बिस्किटाच्या पुड्यावर अंडं आहे का ते पाहण्याची सवय आपल्याला आहेच.

दुसरे बूट. पूर्वी ते कातड्याचे आणि तळाला लोखंडी खिळ्यांचे असायचे. 1990 नंतर खिळ्यांच्या जागी प्लास्टिकच्या मऊ खुंट्या आल्या. त्यामुळे गवत उखडत नाही आणि जमिनीवरचे जीवही थोडे कमी दुखावतात. वरचा भाग कापडी किंवा कृत्रिम असलेले कितीतरी बूट मिळतात. युरोपात विकल्या जाणाऱ्या बुटांवर छोटी चिन्हं असतात, आणि आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच बुटांवरही ती दिसतात. पसरलेल्या कातड्याच्या आकाराचं चिन्ह म्हणजे कातडं. जाळीचं चिन्ह म्हणजे कापड. साधा चौकट म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखा आकार असेल तर इतर साहित्य. हीच चौकट कातड्याच्या चिन्हाच्या आत असेल तर ते वरून लेप दिलेलं कातडंच. वरचा भाग, अस्तर आणि तळ, तिन्हीसाठी वेगळी चिन्हं असतात. तिन्ही पाहा.

डोक्याला कापडी टोपी आणि हातात मोठी छत्री हवीच. मात्र पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की छत्री नको, झाड नको, लोखंडी काठीही नको. सरळ इमारतीत यायचं.

चौदाच काठ्या

शेवटची गोष्ट वाचून मला आनंद झाला. एकेकाळी मोठे खेळाडू पंचवीस-तीस काठ्या घेऊन फिरायचे आणि कॅडीची पाठ मोडायची. मग 1938 मध्ये अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये नियम झाला की चौदापेक्षा जास्त काठ्या चालणार नाहीत. हे तर आपलं परिग्रह परिमाण! त्यांनी खेळासाठी केलं, आपण आत्म्यासाठी करतो. आणि चौदा ही वरची मर्यादा आहे. शिकणाऱ्या मुलीला सुरुवातीला पाच-सहा काठ्या पुरतात, त्याही भाड्याने मिळतात.

हिरवळीवर चालण्याचा प्रश्न उरतोच. चातुर्मासात नको, असं कुणाचा नियम असेल तर तो जरूर पाळावा. पण बाकीच्या वेळी मुलगी खेळत असेल तर तिला "नाही" म्हणण्याऐवजी "वाचून घे" म्हणावं, असं माझं मत आहे. चेंडूतली पिसं बाजाराने काढली. हातमोज्यातलं कातडं काढायचं काम गिऱ्हाइकाचं आहे, आणि घरातल्या खरेदीवर आपल्या बायकांइतकी बारीक नजर कुणाची असते?

कातड्याशिवायच्या चांगल्या हातमोज्यांचा आणि बुटांचा तुमचा अनुभव असेल तर जरूर कळवा, सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

जय जिनेंद्र.