खाणावळवालीचा हिशेब कुठल्या कप्प्यात शोधायचा?

विषय निवडताना आपण आधी शब्द धरतो आणि मग त्या शब्दामागची माणसं शोधतो. इथेच गडबड होते. ‘भोजनव्यवसायाचं व्यवस्थापन’ हा शब्द घेऊन मुंबईच्या इतिहासात शिरलात, तर तुम्हाला १९०३ सालचं ताज हॉटेल सापडेल, इराणी सापडतील, उडुपीवाले सापडतील. लालबाग-परळची खाणावळवाली मात्र सापडणं कठीण. दहा बाय दहाच्या खोलीत दोन्ही वेळ पंधरा-वीस माणसं जेवू घालणारी ही बाई कागदोपत्री बहुधा ‘गृहिणी’च राहते.

पार्श्वभूमी थोडक्यात. कोकणातून आणि घाटावरून आलेले बरेचसे गिरणी कामगार एकटेच यायचे, बायकामुलं गावी. गिरण्यांत बायका होत्या, १९२० च्या दशकात साधारण पाचवा हिस्सा, पण पुढे तो घटतच गेला. मग एकट्या पुरुषांना जेवण घालणं हा चाळीतल्या बायकांचा मोठा आधार झाला.

आता तिचं काम नीट बघा. पाळ्या गिरणीच्या, म्हणून पंगतीही गिरणीच्या भोंग्यावर. एक पाळी जेवून उठते तोवर दुसरीचे डबे भरायचे. पाणी, सरपण किंवा रॉकेल, बाजार, भाकऱ्यांचा अंदाज, कोण गावी गेलाय आणि कोणाचा उपवास आहे, सगळं डोक्यात. पण माझ्या मते हा कामाचा सोपा भाग. अवघड भाग उधारीचा.

मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याने व्हायचा, आणि तोही महिना संपल्यावर लगेच नाही. पुढच्या महिन्यात दहा-पंधरा दिवस उलटल्यावर. एक तारखेला कामाला लागलेल्या गड्याच्या हातात पहिला पैसा सुमारे दीड महिन्याने यायचा. त्याचं दुःख इतिहासकारांनी पुष्कळ लिहिलंय. तुम्ही ताटाच्या दुसऱ्या बाजूने हिशेब करा. पंधरा माणसं, दोन वेळचं जेवण, पंचेचाळीस दिवस. म्हणजे पगाराच्या आदल्या दिवशी तिची १,३५० ताटं उधारीवर गेलेली असतात! तेवढा वेळ वाणी थांबला तर ठीक, नाहीतर सावकार किंवा गळ्यातलं सोनं. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने पगाराची मुदत सात किंवा दहा दिवसांवर आणली. हा कायदा आपण ‘कामगार कायदे’ या प्रकरणात वाचतो. तो तिच्या खेळत्या भांडवलाचाही कायदा आहे, हे सहसा कोणी म्हणत नाही.

मग पुरावा कुठून आणायचा? तिच्या नावाने शोधू नका, तिच्या गिऱ्हाइकाच्या नावाने शोधा. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या जमाखर्चाची पाहणी केली. त्यात कुटुंबांबरोबर एकट्या पुरुषांचेही जमाखर्च आहेत. त्याचा जेवणाचा खर्च ही बऱ्याचदा कुणातरी बाईची जमा असते. १९२९ च्या शाही कामगार आयोगाचे साक्षीपुरावे वाचताना कर्जबाजारीपणाचं प्रकरण असंच उलटं वाचून बघा.

१९७५ पासून चित्र बदलतं. त्याआधीच्या गिरणी संपात या बायकांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातलं होतं. कम्युनिस्ट चळवळीतल्या प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. कर्ज म्हटलं की अर्ज आला, रक्कम आली, परतफेड आली. म्हणजे खाणावळवालीची कागदावर व्यावसायिक म्हणून नोंद होण्याची जागा तयार झाली. त्याआधी ती धंदा करत नव्हती असं थोडंच आहे?

आणि मग १८ जानेवारी १९८२. सुमारे अडीच लाख कामगार संपावर. या संपावर लिहिताना आपण गिरणीमालक, दत्ता सामंत, सरकार, कामगार असे चार कोपरे धरतो. पण पगार थांबला तेव्हा आधीची उधारी कोणाकडे अडकली? बरेच गडी गावी निघून गेले. त्यांच्यामागे वाण्याला तोंड कोणी दिलं? संपाच्या नुकसानीचे आकडे मोजताना हा आकडा कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि प्रबंधासाठी ही मोठी जागा आहे असं मला वाटतं.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं गिरणगावाच्या मौखिक इतिहासाचं २००४ सालचं पुस्तक आधी वाचा, मग मुलाखतींना निघा. घाई करा, कारण त्या काळच्या बायका आता फार म्हाताऱ्या झाल्यात. ‘आजी, तुम्ही काय काम करायचात?’ असं विचारलंत तर ‘काही नाही रे, घरीच असायचे’ एवढंच ऐकून परत यायची वेळ येईल. त्याऐवजी विचारा: किती माणसं जेवायची? पगार कितव्या तारखेला व्हायचा? वाणी किती दिवस थांबायचा? आणि संपात कोणाचे पैसे बुडाले?