वैशाखातले चित्ररथ

बेळगावात शिवजयंती वैशाखात होते आणि चित्ररथांची मिरवणूक पहाटेपर्यंत चालते, हे आपल्या भागात सांगायला नको. पण आपली तिथी वेगळी का?

टिळकांनी १८९६ साली रायगडावर उत्सव केला, तेव्हा महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ चा मानला जाई. पुढं जेधे शकावली उजेडात आली आणि शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, पुढं आली. महाराष्ट्र शासनानं हीच तारीख धरली. बेळगाव वैशाखावरच राहिलं. पुरावा नव्या तारखेच्या बाजूनं आहे, हे मान्य. पण १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेली. त्यानंतर पंचांगातला हा दिवसही सोडणं इथल्या मराठी माणसाला जड गेलं असणार, असं मला वाटतं.

जपानात ताकायामा गावी देवळालगत उत्सवी रथांचं संग्रहालय आहे. तिथल्या शरद ऋतूतल्या उत्सवाचे ११ रथ, कोरीव, लाखकाम केलेले. त्यातले काही आळीपाळीनं मांडतात. २०१६ साली युनेस्कोनं जपानच्या अशा ३३ उत्सवांना वारसा म्हणून मान्यता दिली.

आपण संग्रहालय काढलं तर ठेवणार काय? ट्रॉली दुसऱ्याच दिवशी विटा वाहायला जाते, पुठ्ठ्याचा गड मोडतो. आपला रथ माणसांचा. चौकात ट्रॉली थांबते, दिवे लागतात, चार मिनिटांत अफझलखान पडतो. पुढच्या चौकात तो पुन्हा उठून मरायला तयार! पहाटे महाराजांचा आवाज बसलेला, जिजाऊ पेंगुळलेल्या. (महावीर जयंतीला आपली चंदनाही अशीच साखळदंडात पेंगते.)

आणि यामागं बाया असतात. जिरेटोपाला मोती टाचणाऱ्या, जुन्या शालूचा शेला करणाऱ्या, पोराकडून संवाद घोकून घेणाऱ्या. त्यांची नावं मंडळाच्या फलकावर सहसा नसतात. त्यांच्या कामाचा पुरावा आहे तो घरातच: ट्रंकेतला अंगरखा, कडा पिवळ्या पडलेले फोटो, संवादांच्या वह्या. मला विचाराल तर संग्रहालयाचं पहिलं कपाट यानंच भरावं, तलवारींनी नव्हे.

तेव्हा यंदा माळा झाडाल तेव्हा वही रद्दीत टाकण्याआधी उघडून बघा. पहिल्या पानावर गल्लीचं नाव आणि साल नसेल, तर सासूबाईंना विचारून पेन्सिलीनं लिहून ठेवा.