कर्नेल मॉड्यूल : शेवटची नोंद कोणी पुसायची?

लिनक्स संगणक प्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. एखाद्या यंत्राचा ड्रायव्हर किंवा फाइल व्यवस्था असे या गाभ्याचे काही भाग संगणक चालू असतानाच जोडता वा काढता येतात. हे सुटे भाग म्हणजे मॉड्यूल. काढलेल्या मॉड्यूलची मेमरीतील जागा दुसऱ्या कामाला दिली जाते. त्यामुळे ते वापरात असताना काढले जाऊ नये, म्हणून ते किती जण वापरीत आहेत याचा आकडा कर्नेल ठेवते. यालाच संदर्भगणना म्हणतात. 'एलएसमॉड' या आज्ञेने हा आकडा पाहता येतो. तो शून्य नसेल, तर 'आरएममॉड' मॉड्यूल काढण्यास नकार देते.

पूर्वी ही नोंद पुष्कळदा मॉड्यूल स्वतःच करीत असे. पण मॉड्यूलमध्ये प्रवेश झाल्यावर आणि नोंद होण्यापूर्वी ते काढले गेले तर? ही फट बुजविण्यासाठी रस्टी रसेल यांनी मॉड्यूल व्यवस्था नव्याने लिहिली. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीपासून नोंद बाहेरच्याने, आत शिरण्याआधी करावी, हा नियम रूढ झाला.

थ्रेडच्या बाबतीत मात्र पेच अधिक अवघड आहे. मॉड्यूलने सुरू केलेला थ्रेड मॉड्यूलमधल्याच सूचना चालवीत असतो. काम संपल्यावर त्याने स्वतःची नोंद पुसली आणि आकडा शून्य झाला, तर त्याच क्षणी मॉड्यूल काढले जाऊ शकते. थ्रेडच्या उरलेल्या दोन-चार सूचना मात्र तिथेच असतात. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालण्याचाच हा प्रकार. साधा प्रोग्रॅम कोसळला तर तेवढाच बंद पडतो. इथे अख्खा संगणक ठप्प होऊ शकतो. शिवाय ही वेळ क्वचितच जुळून येत असल्याने चाचणीत दोष सापडत नाही.

म्हणून नोंद पुसणे आणि थ्रेड संपविणे ही दोन्ही कामे कर्नेलच्या कायमच्या भागातील एकच फंक्शन करते. 'मॉड्यूल पुट अँड एक्झिट' हे त्याचे नाव २०२२ मध्ये, ५.१७ आवृत्तीत, 'मॉड्यूल पुट अँड केथ्रेड एक्झिट' असे लांबले. हे फंक्शन थ्रेडला मॉड्यूलमध्ये परतूच देत नाही.

मॉड्यूल असेपर्यंत चालणाऱ्या थ्रेडसाठी मात्र नोंद करणेच चूक ठरते. आकडा कधीच शून्यावर येत नाही आणि मॉड्यूल काढता येत नाही. तिथे मॉड्यूलच्या समाप्तीच्या फंक्शनने 'केथ्रेड स्टॉप' वापरून थ्रेड थांबवावा आणि तो पूर्ण संपेपर्यंत वाट पाहावी, हाच मार्ग. सक्तीने मॉड्यूल काढण्याची सोय कर्नेल तयार करतानाच निवडावी लागते. ती वापरली, की कर्नेल स्वतःवर 'दूषित' अशी खूण करून ठेवते.