कोणते संगीत ऐकावे? मार्कंडा परिसरातील वाचकांसाठी एक टिपण

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या तीरावर मार्कंडा हे गाव वसलेले आहे. येथे नदी उत्तरवाहिनी होते आणि तिच्या काठी महादेवाचा प्राचीन मंदिरसमूह उभा आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. यात्रेकरूंच्या मुखी महादेवाची गाणी असतात, कोठे खंजिरीवर भजन चाललेले असते, दुकानांच्या ध्वनिक्षेपकांवर चित्रपटगीते वाजत असतात. नाटकांचा हंगामही तोवर संपलेला नसतो. एवढे संगीतप्रकार एका मुलखात नांदत असताना, ‘चांगले संगीत कोणते ऐकावे?’ या प्रश्नाला मात्र आपल्याकडे बहुधा पुण्या-मुंबईत तयार झालेल्या ध्वनिमुद्रिकांची यादी हेच उत्तर मिळते. ती यादी वाईट नाही; तिच्यातील काही नावे आम्हीही पुढे देणार आहोत. परंतु या जिल्ह्यांतील उत्तम संगीतापैकी बरेचसे कोणत्याही तबकडीवर नाही. ते ज्या वेळी व ज्या ठिकाणी गायिले जाते, त्या वेळी तेथे जाऊनच ऐकावे लागते. म्हणून प्रस्तुत टिपणात गाण्याच्या नावाबरोबर शक्य तेथे ऋतू व ठिकाण यांचाही निर्देश केला आहे.

प्रारंभ झाडीपट्टीपासून करणे उचित ठरेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील वनाच्छादित प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. धानाची कापणी आटोपली, दिवाळी झाली, की गावोगावी मंडई भरते आणि नाटकांचे प्रयोग सुरू होतात. हा हंगाम साधारणतः होळीच्या सुमारास ओसरतो. या रंगभूमीचे केंद्र म्हणजे वडसा, अर्थात देसाईगंज. नाटक मंडळ्यांची कार्यालये तेथे आहेत आणि गावकरी तेथे जाऊनच प्रयोगाची तारीख ठरवितात. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. या प्रयोगांत गाणी प्रत्यक्ष गायिली जातात आणि वादक मंचाजवळ बसून साथ करतात, ही गोष्ट संगीताच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हार्मोनियम व तबल्याच्या शेजारी आता विजेवर चालणारी वाद्ये आली आहेत. त्यामुळे जुन्या रसिकांचा हिरमोड होतो, हे आम्ही जाणतो. तथापि, नटाचा श्वास कोठे अडखळतो हे पाहून आपली लय सावरून घेणारा तबलजी ज्याने एकदा ऐकला, त्याला साथसंगत म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. या रंगभूमीवर दीर्घकाळ कार्य करणारे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री सन्मान प्राप्त झाला, तेव्हा महाराष्ट्राच्या इतर भागांतील अनेकांनी झाडीपट्टी हे नाव प्रथमच ऐकले असावे.

नाटकाहून जुने प्रकार म्हणजे दंडार आणि खडी गंमत. दंडारीत स्त्रीभूमिकाही परंपरेने पुरुषच करतात. खडी गंमतीत ढोलकीच्या ठेक्यावर सवाल-जवाब व विनोद रंगतो. तमाशाशी तिचे नाते आहे, पण भाषा झाडीबोलीची. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा व लोककलांचा जो अभ्यास केला, तो जिज्ञासूंनी अवश्य वाचावा. मात्र आधी ऐकावे आणि मग वाचावे, असे आम्ही सुचवू. पुस्तकातून दंडार कळते. तिच्यातील थट्टा मात्र बोली कानावर पडल्याविना कळत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींनी म्हणावयाची भुलाबाईची गाणी आणि रोवणीच्या वेळी चिखलात उभ्या असलेल्या स्त्रियांची गाणीही याच वर्गात येतात. रोवणीचे गाणे खोलीत बसून म्हणावयास सांगितले तर गाणाऱ्या बाईलाच पुढची ओळ आठवेनाशी होते, कारण तिला ती ओळ हाताच्या हालचालीबरोबर आठवत असते.

दक्षिणेकडे एटापल्ली, भामरागडच्या बाजूस गेलो की भाषा बदलते. तेथे माडिया व गोंड समाजाची रेला गीते आहेत. तरुण-तरुणी हातांत हात गुंफून वर्तुळ धरतात, एक गट ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो, आणि पावलांची गती हाच ताल होतो. गावाचे गोटुल हे या गीतांचे पाठशाळेसारखे ठिकाण. व्हेरियर एल्विन यांनी शेजारच्या बस्तरमधील मुरिया समाज व त्यांच्या घोटुलाविषयी १९४७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अशा गीतांना मोठे स्थान आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषा बोलणाऱ्यांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार नोंदली गेली. एवढ्या लोकांची भाषा असूनही, शेजारच्या तालुक्यातील मराठी भाषकाला तिच्यातील एक गाणे येत नाही. शाळांच्या स्नेहसंमेलनांत पिसे खोवून, चार मिनिटांत उरकलेले जे ‘आदिवासी नृत्य’ दाखविले जाते, त्यावरून रेलाची कल्पना करू नये. रेला मंचासाठी नाही. त्यात प्रेक्षक असा वेगळा नसतो. पाहुण्यालाही वर्तुळात ओढले जाते. आज लग्नसमारंभातील डीजेच्या आवाजापुढे हे वर्तुळ मोडू लागले आहे. ज्यांना शंभर गीते पाठ आहेत अशा व्यक्ती वृद्ध झाल्या आहेत आणि त्यांच्या नातवंडांच्या भ्रमणध्वनीवर त्यातील एकही गीत सापडत नाही. या टिपणातील सर्वांत निकडीची शिफारस कोणती, असे विचारल्यास आम्ही रेलाचेच नाव घेऊ.

खंजिरी भजनाची परंपरा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे (१९०९–१९६८) विदर्भात घरोघरी पोहोचली. चिमूरच्या १९४२ च्या लढ्याशी त्यांच्या भजनांचे नाव जोडले गेले आहे. एक खंजिरी आणि खडा आवाज एवढ्या सामग्रीवर हजारोंचा समुदाय कसा बांधून ठेवता येतो, हे उपासनेत गायन करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावे. चंद्रपूर नगरीचे आणखी एक संगीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे धम्मदीक्षा दिली, आणि दरवर्षी त्या सुमारास दीक्षाभूमीवर भीमगीते निनादतात. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची रचना आणि विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांचा आवाज यांपासून आरंभ करावा. ही गाणी ‘त्यांची’ म्हणून न ऐकण्याची सवय आपल्या अनेक घरांत आहे. त्यात नुकसान ऐकणाऱ्याचेच होते.

आवडीचे गाणे दुसऱ्यापर्यंत पोहोचविण्याचे काम आपल्या भागात दीर्घकाळ रेडिओने केले. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर यांना चित्रपटसंगीत हीन वाटे. त्यांच्या धोरणामुळे ते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले आणि शास्त्रीय संगीताला भरपूर वेळ मिळाला. परिणाम असा झाला की श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरविला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ तेथे सुरू झाली होती. पुढे १९५७ साली आकाशवाणीनेच विविध भारती ही सेवा काढली आणि फर्माईश पाठविणाऱ्यांची नावे गावासह वाचली जाऊ लागली. केसकरांची अभिरुची खोटी नव्हती, असे आम्हांस वाटते. त्यांनी अभिजात संगीतासाठी जे केले त्याचे ऋण मोठे आहे. पण आवड लादता येत नाही, हे त्या काही वर्षांत देशाने पाहिले. वसतिगृहांच्या अधीक्षकांनी याची नोंद घ्यावी.

अभिजात संगीताकडे वळू इच्छिणाऱ्यास आम्ही प्रथम कुमार गंधर्वांचे (१९२४–१९९२) नाव सुचवितो. क्षयरोगामुळे त्यांना सुमारे पाच वर्षे गाता आले नाही. देवासला अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातील लोकांची गाणी कानी येत. त्या लोकधुनांतून त्यांनी पुढे नवे राग बांधले आणि निर्गुणी भजनांना एक निराळाच स्वर दिला. लोकगीत खालचे व राग वरचा, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ही भजने रात्रीच्या शांत वेळी ऐकावीत. त्यानंतर भीमसेन जोशी यांची अभंगवाणी आणि किशोरी आमोणकर यांचे गायन यांकडे जावे. ‘गीतरामायण’ बहुतेकांच्या परिचयाचे आहे. ग. दि. माडगूळकर यांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. चित्रपटसंगीत ऐकताना केवळ गायकाकडे लक्ष न देता मागील व्हायोलिनच्या ताफ्याकडेही द्यावे. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या, चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकलेल्या वादकांनी तो आवाज घडविला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील एका गाण्यात गुरूंचे नाव गुंफले, हे आमच्या तरुण वाचकांना ठाऊक नसेल.

उपासना-संगीताविषयी विस्ताराने लिहिण्याचे हे स्थळ नव्हे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनास अग्रस्थान दिले आहे (कलम ११६) आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा असेही म्हटले आहे (कलम ११९). या दोहोंत विरोध नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ गोव्यातील श्रद्धावंत गाऊनच वाचीत. ओवी हा मुळात जात्यावरचा छंद असल्याने त्यांना चाल निराळी शिकावी लागली नसेल. पाश्चात्य संगीतातून एकच कृती सुचवावयाची तर ती बाख यांची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’. १७२७ मध्ये लाइपझिग येथे ती प्रथम सादर झाली आणि बाख यांच्या निधनानंतर विस्मृतीत गेली. फेलिक्स मेंडेल्सन या मुलाला त्याच्या आजीने तिच्या स्वरलिपीची प्रत भेट दिली. वयाच्या विसाव्या वर्षी, १८२९ मध्ये, त्याने बर्लिनला तिचा प्रयोग केला आणि ती जगाला परत मिळाली. सुमारे तीन तासांची ही कृती एका बैठकीत न पेलल्यास पवित्र आठवड्यात भागाभागाने ऐकावी.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. रेला किंवा रोवणीचे गीत भ्रमणध्वनीवर मुद्रित करावयाचे असल्यास प्रथम गाणाऱ्यांची व गावाची अनुमती घ्यावी. गीताचा प्रसंग, भाषा, गाव, दिनांक आणि, त्यांची हरकत नसल्यास, गाणाऱ्यांची नावे मुद्रणाच्या आरंभीच बोलून ठेवावीत, म्हणजे ती पुढे गीतापासून वेगळी होणार नाहीत. पावसाळ्यात शक्यतो बांधावरूनच मुद्रण करावे. चिखलात उतरल्यास काम करणाऱ्यांचा खोळंबा होतो. एक प्रत त्याच दिवशी त्या गावातील कोणाच्या तरी भ्रमणध्वनीवर देऊन मगच परतावे.