जांभळा टोमॅटो: पंचसूत्री व भाष्य

नॉरिचच्या जॉन इनस सेंटरमधील कॅथी मार्टिन यांच्या गटाने २००८ मध्ये सालीपासून गरापर्यंत जांभळा असणारा टोमॅटो जगापुढे ठेवला. त्या प्रयोगाचा गाभा येथे पाच सूत्रांत बांधला असून प्रत्येक सूत्राखाली भाष्य जोडले आहे.

१. जनुक सर्वत्र, कार्य एकत्र.
ॲग्रोबॅक्टेरियम जीवाणूच्या साह्याने परके जनुक एका पेशीत शिरते आणि त्या पेशीपासून अख्खे रोप वाढते. म्हणून मूळ, खोड, पान, फळ या साऱ्यांत ते असतेच. पान हिरवे दिसते म्हणून पानात जनुक नाही, असा अर्थ घेऊ नये. तेथे ते आहे, पण त्याचे वाचन होत नाही.

२. स्थळकाळ प्रवर्तकाधीन.
प्रवर्तक म्हणजे जनुकाच्या अलीकडचा डीएनएचा तुकडा. पेशीतील ठरावीक प्रथिने त्यावर बसली, तरच पुढचे जनुक वाचले जाते. फुलकोबीच्या मोझेक विषाणूतून घेतलेला ३५एस प्रवर्तक जवळजवळ सर्व ऊतींत चालतो. २००२ मध्ये भारतात मंजूर झालेल्या बीटी कापसात त्याचाच वर्धित प्रकार आहे. नॉरिचच्या गटाने मात्र टोमॅटोचाच ई८ प्रवर्तक घेतला. तो इथिलीन वायूला प्रतिसाद देतो आणि फळ पिकू लागले की जागा होतो. त्यामुळे रंग बनवण्याचा भार पानामुळांवर पडत नाही.

३. चालक नवे, मार्ग जुना.
डेलिला आणि रोझिया१ ही दोन जनुके स्नॅपड्रॅगनच्या फुलझाडातली. ती स्वतः रंग बनवत नाहीत. त्यांची प्रथिने रंग बनवणारी जनुके चालू करतात. अँथोसायनिन हे जांभळे रंगद्रव्य बनवणारी जनुके टोमॅटोत मुळातच आहेत, फक्त गरात ती निद्रिस्त असतात. म्हणूनच दोन चालक पुरले. ग्रॅमभर फळात सुमारे २.८ मिलिग्रॅम अँथोसायनिन भरले, म्हणजे ब्लूबेरी-ब्लॅकबेरीच्या तोडीचे.

४. दर्शनाने सिद्धी.
प्रवर्तक कुठे चालतो, हे डोळ्यांनी पाहण्याची सोयही ब्रिटनमध्येच झाली. केंब्रिजच्या प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटमधील जेफरसन, कॅव्हना व बेव्हन यांनी १९८७ मध्ये ई. कोलाय जीवाणूचे ‘गस’ जनुक वनस्पतींच्या प्रवर्तकांना जोडण्याची रीत प्रसिद्ध केली. ऊतीला योग्य रसायन दिले की प्रवर्तक जिथे चालू, तिथेच निळा रंग उमटतो. जांभळ्या टोमॅटोत अशी वेगळी खूण लागली नाही, कारण तिथे उत्पादनच रंगीत होते.

५. पुराव्याएवढाच दावा.
कर्करोगाकडे कल असलेल्या उंदरांना या टोमॅटोची पूड आहारातून दिली, तेव्हा त्यांचे सरासरी आयुष्य १४२ दिवसांवरून १८२ वर गेले. हा पुरावा उंदरांपुरताच आहे. तो माणसाला लावणे अन्यायाचे. फळ अधिक टिकते, हे २०१३ मध्ये दाखवले गेले. अमेरिकेत २०२४ पासून घरच्या बागेसाठी बी मिळते. इंग्लंडचा २०२३ चा कायदा मात्र पारंपरिक पैदाशीतूनही होऊ शकतील अशाच बदलांना मोकळीक देतो. स्नॅपड्रॅगनचे जनुक त्यात बसत नाही.

जनुकांतरित पिकावर वाद घालताना ‘कोणते जनुक’ या प्रश्नाशेजारी ‘कोणता प्रवर्तक’ हा प्रश्न उभा राहिलाच पाहिजे. नवे प्रथिन आपण खातो त्या भागात तयार होते की नाही, याचे उत्तर जनुकाच्या नावात मिळत नाही. ते प्रवर्तकाकडेच मागावे लागते आणि ऊती तपासून पडताळावे लागते.