दवाखाना किती लांब होता

कापूस वेचणीचे दिवस आहेत, सकाळी भाकरी बांधून वावरात पोचायची घाई असते, हे ठाऊक आहे. तरी दहा मिनिटं मागते. आज एका आजाराचा इतिहास सांगायचा आहे. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात, शिकल्या-सवरल्या मुली डिप्रेशन म्हणतात. आपण मात्र ‘मन लागत नाही’, ‘जिवाले चैन नाही’, ‘काई सुदरत नाई’ असंच म्हणतो, आणि हल्ली सगळ्यालाच मिळून ‘टेन्शन’.

या दुखण्यावर इलाज मिळायला आपल्या भागातल्या बाईला किती लांब जावं लागत होतं, तिथून सुरुवात करू.

नागपूरचं मनोरुग्णालय 1864 साली सुरू झालं. त्या वेळी नागपूरपर्यंत रेल्वेसुद्धा नव्हती. मुंबईहून बडनेऱ्यावरून जाणारी गाडी तिथं पोचली 1867 मध्ये. तिवस्याहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आसपास. बैलगाडीनं किती मुक्काम पडत असतील, तुम्हीच मोजा. पण खरं अंतर रस्त्याचं नव्हतं. 1912 च्या कायद्यात माणसाला अशा ठिकाणी ठेवायचं तर बहुधा मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज, डॉक्टरांचे दाखले आणि मग हुकूम, असा मार्ग होता. दवाखान्यात जायला कोर्टाची पायरी! कायद्याचं नावच वेडेपणावरून पडलेलं. तो जुना कायदा बाजूला सारणारा नवा कायदा संसदेनं केला तो 1987 मध्ये, म्हणजे आपल्यापैकी कित्येकींचा जन्म झाल्यावर.

आता सांगा, या दारापर्यंत कोण जाणार? जो आरडाओरडा करतो, कपडे फाडतो, घर सोडून पळतो, तो. जी बाई पहाटे उठून चूल पेटवते, निंदायला जाते, संध्याकाळी येऊन पुन्हा भाकरी थापते, आणि रात्री डोळा लागत नाही म्हणून छताकडं पाहत पडते, तिला त्या काळी कुणी आजारीच धरलं नसतं. आजही कुठं धरतात? ‘कामं तर सगळी करते, मग तिले काय झालं?’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. मला विचाराल तर आपल्याकडच्या बायांची उदासी लपते ती याच वाक्याखाली. पुरुष खाटेवर पडून राहिला तर चार माणसं विचारतात. बाई पडून राहतच नाही.

1950 च्या दशकात उदासीवरच्या पहिल्या गोळ्या निघाल्या आणि घरी राहून इलाज घेणं शक्य झालं. अडचण उरली डॉक्टरांची. मनाचे डॉक्टर थोडे, तेही शहरात. मग 1975 च्या सुमारास बंगळूरजवळच्या सकलवारा इथं आणि हरियाणातल्या रायपूर राणी इथं गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हे आजार ओळखायला शिकवून पाहिलं. त्याच वाटेनं 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, आणि 1996 मध्ये जिल्ह्यांसाठीचा. कागदावर दवाखाना जवळ येत होता. गावात तो दिसायला फार वर्षं लागली.

दरम्यान आपल्यावर काय वेळ आली ते मी सांगायला नको. 2006 मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात अमरावती होता, अकोलाही होता. बोलणं झालं कर्जाचं, सिंचनाचं, बियाण्याचं. ते व्हायलाच हवं होतं. पोटात अन्न नाही आणि डोक्यावर सावकार आहे, तर नुसत्या गोळीनं काय होणार? पण ज्या घरातला कर्ता गेला त्या घरातल्या बाईच्या मनाची विचारपूस फार थोड्यांनी केली.

मग आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत एक काम उभं राहिलं. नाव होतं ‘विश्राम’. ‘विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्राम’ या नावाचं हे लहान रूप. गोव्यातली ‘संगत’ ही संस्था त्यामागं होती. सुरुवातीआधी, 2013-14 च्या हिवाळ्यात, मतदार यादीतून माणसं निवडून त्यांना प्रश्न विचारले. उदासीचा आजार असलेल्या शंभरातल्या जेमतेम चौघांनी कुठं इलाज मागितला होता. नेमका आकडा 4.3 टक्के. बाकीचे शहाण्णव अंगावर काढत होते.

कार्यकर्ते गावातलेच. ते बैठकीत बोलायचे, हा आजार आहे, यावर इलाज आहे, हे सांगायचे. पुढं शिकवून तयार केलेले समुपदेशक, म्हणजे बसून ऐकणारी, वाट दाखवणारी माणसं. त्यांच्यापुढं नेहमीचे डॉक्टर, आणि अवघड दुखण्यासाठी मनाचे डॉक्टर. दीड वर्षानं, 2015 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, पुन्हा तसेच प्रश्न विचारले. इलाजापर्यंत पोचणारे 27.2 टक्के झाले होते. सहा पटींहून जास्त! आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: बाई-पुरुष, शिकलेले-न शिकलेले, ही जात-ती जात, सगळ्यांपर्यंत ते सारखंच पोचलं. तरीही शंभरातले बहात्तर-त्र्याहत्तर बाहेरच राहिले, हेही त्याच आकड्यात आहे.

यात लोक गेले कुणाकडं? बहुतेक साध्या डॉक्टरांकडं. म्हणून तिथं काय बोलायचं ते नीट ऐका. आपण जातो आणि म्हणतो, डोकं दुखते, हातपाय गळतात, झोप नाही. डॉक्टर सलाईन लावतात, ताकदीच्या गोळ्या देतात, आपण घरी. दोन आठवड्यांपासून कशातच मन लागत नाही, रडू येते, जगण्यात राम वाटत नाही, असं असेल तर तेच शब्द वापरा. जीव द्यावासा वाटतो, असं असेल तर तेही सांगा. लाजू नका, थांबूही नका.

‘पण बाई, वेळ कुठाय?’ बरोबर आहे. दिवस बुडाला की मजुरी बुडते. याच ‘संगत’नं गोव्यात, साध्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, समुपदेशनाची पद्धत तपासली. सहा ते आठ भेटी, आठवड्याला एक, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. भेटी घरीही होत. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवलेली साधी माणसं होती. उपचाराचं सूत्रही सोपं: मन ठीक झाल्यावर काम करू असं न म्हणता, जिवाला बरं वाटणारं एखादं लहानसं काम आजच दिवसात बसवायचं. मैत्रिणीकडं दहा मिनिटं बसणं सुद्धा. गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून टाकून देऊ नका, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं एकदम बंदही करू नका.

आपल्या तालुक्यात मोझरी आहे. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये गुरुकुंज उभारलं, तिथली सामुदायिक प्रार्थना आपल्या अंगवळणी पडली आहे. प्रार्थनेला जरूर बसा, मनाला आधार मिळतो. तिथून उठून दवाखान्यातही जा. एक केलं म्हणजे दुसरं नको, असं कुणी सांगितलं?

2015 मध्येच सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यात आशाताई घरी येऊन मनाची चौकशी करतात. त्यांनी झोपेबद्दल, भुकेबद्दल, मनाबद्दल विचारलं तर ‘सगळं बरं हाय’ म्हणून वाटेला लावू नका. सासूबाई समोर बसल्या असतील तर सांगा, ताई, मी तुमच्याकडं येऊन बोलते.

आणि घराबाहेर पडणंच जमत नसेल तर 14416 हा नंबर लिहून ठेवा. टेलि-मानस नावाची ही सरकारी सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. राज्याचा 104 सुद्धा आहे. 14416 चोवीस तास चालू असतो, म्हणजे भांडी घासून, पोरं झोपल्यावर, रात्री अकरालाही लावता येतो.