सहीच्या मागचा हिशेब

लहरीपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात ज्येष्ठ मंडळी औषधाबरोबर विम्याचे, कर्जाचे कागदही पुढे करतात. "डॉक्टरसाहेब, सही करून बसलोय. आता यात काय लिहिलंय ते सांगा." हे गाऱ्हाणे फार जुने आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना जाळायचे होते कर्जरोखे. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचा भाव उतरला होता, सारा वाढला होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीनच वर्षे चाले. म्हणून सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेत. निरक्षर कुणबी त्यावर निशाणी करी, आणि कोर्ट ती निशाणी पाहून निकाल देई.

या सावकारांत मारवाडी आणि गुजराती वाणी पुष्कळ होते. मी जैन व्यापारी घरातला. वही खोटी लिहू नये, हे मला घरी शिकवले गेले. वही खरी असूनही अन्यायाची असू शकते, हे मात्र सुप्याच्या इतिहासाने शिकवले.

१८७९ च्या दक्षिणी शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत कोर्टाला रोख्यामागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासायला सांगितले. व्याजावरचे व्याज वगळून हिशेब मांडायचा, आणि रोखा गावच्या निबंधकासमोर लिहायचा, असे ठरले.

आज रोख्याच्या जागी छापील फॉर्म आला आहे. त्यातले एक अक्षरही आपल्याला बदलता येत नाही. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभारली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका घरखरेदीच्या खटल्यात बिल्डरचा एकतर्फी करार ग्राहकावर बंधनकारक मानला नाही. त्याच वर्षीच्या नव्या कायद्यात 'अनुचित करारा'ची व्याख्या आली: अवाजवी अनामत, नुकसानीच्या मानाने भलताच दंड, कर्ज मुदतीआधी फेडू न देणे, सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार मोडणे. अशी अट राज्य आयोग किंवा राष्ट्रीय आयोग रद्द ठरवू शकतो.

आपला राज्य आयोग अहमदाबादला आहे; सत्तरीच्या माणसाला तेवढेही लांबच. म्हणून आधी वाचा, प्रत मागून घ्या. पण न वाचता सही झाली असेल, तर लाजून गप्प बसू नका. सहीच्या मागे पाहण्याचा हक्क सुप्याच्या शेतकऱ्यांनी फार मोठी किंमत मोजून मिळवला आहे.